आमच्या दारातलं नेब्रास्का

कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. करारातल्या नवव्या कलमाखाली माझी सही आहे, आणि सिनेमावाल्यांच्या वकिलांना मी घाबरतो. सांगायला हरकत नाही तेवढं सांगतो: ती अमेरिकन आहे, सहाशे बारा पानांची आहे, आणि फ्रान्समधल्या आमच्या व्होबर्नेच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं मी ती इंग्रजीच्या तासाला शिकवली. आमच्या गावात पन्नाशीच्या आतला असा एकही माणूस नाही, ज्याने माझ्यामुळे ती वाचली नाही किंवा वाचल्याची थाप मारली नाही.

गोष्ट साधी आहे. नेब्रास्कात रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन भाऊ राहतात. जमिनीवरून त्यांचं भांडण होतं. चाळीस वर्षं दोघं आपापल्या पडवीत झुलत्या खुर्चीवर बसून एकमेकांकडे बघतात आणि अवाक्षर बोलत नाहीत. शेवटच्या पानावर धाकटा उठतो, रस्ता ओलांडतो, आणि पलीकडची खुर्ची रिकामी असते. थोरला आदल्या आठवड्यात गेलेला असतो. संपलं. दर वर्षी मागच्या बाकावरचं कोणीतरी विचारायचं, "सर, तो आधीच का नाही गेला?" आणि दर वर्षी मी चष्मा काढून म्हणायचो, "ही मानवी स्वभावाची शोकांतिका आहे. वहीत लिहून घ्या."

मग मी घरी यायचो आणि गल्लीकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो. कारण आमच्या दारासमोर, मोजून अकरा पावलांवर, माझा थोरला भाऊ हुबेर राहतो, आणि आम्ही अकरा वर्षं बोलत नव्हतो. याचा पुस्तकाशी काडीचाही संबंध नाही. ते दोघे जमिनीवरून भांडले होते. आम्ही चीजवरून भांडलो.

हसू नका. आमचा मुलूख ब्रीचा आहे. हे चीज चाकासारखं गोल असतं आणि त्याची त्रिकोणी फाक ताटलीत ठेवतात. फाकेचं टोक म्हणजे चाकाचा मधला भाग, सगळ्यात मऊ, सगळ्यात चविष्ट. म्हणून सुरी नेहमी लांबच्या कडेने चालवायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं टोक आणि थोडी कड येते. जो माणूस आडवी सुरी मारून टोकच घेतो, त्याच्याशी पुन्हा जेवायला बसावं का, याचा आमच्याकडे गंभीरपणे विचार होतो. मुलीचं लग्न ठरवताना मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी त्याला चीज कापायला देतात.

त्या रविवारी माझ्या बायकोने, ओदिलने, ताटली आणून हुबेरसमोर ठेवली. थोरला म्हणून पहिला मान त्याचा. ताटली माझ्याकडे आली तेव्हा टोक नव्हतं.

"हुबेर, टोक कुठे गेलं?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? माझ्यापुढे आलं तेव्हाही नव्हतं."

"चीज काय आपोआप झिजतं?"

झालं. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही वडिलांच्या घड्याळापर्यंत गेलो, तिथून त्याने नेलेल्या आणि परत न केलेल्या माझ्या शिडीपर्यंत गेलो. ओदिलला भांडणाचा फार त्रास होतो, ती बिचारी मध्येच उठून कॉफी बघायला आत गेली. हुबेरने रुमालाची व्यवस्थित घडी केली, टेबलावर ठेवली, आणि जर्दाळूचा टार्ट न खाता निघून गेला. आमच्या घराण्यात गोड न खाता आजवर फक्त एकच माणूस उठला होता आणि तो युद्धावर निघाला होता.

त्यानंतर जो काही व्यवहार झाला तो ओदिलमार्फत. मंगळवारी ती त्याच्याकडे सूप घेऊन जायची आणि येताना निरोप आणायची. निरोप म्हणजे, "तुमच्या छपराचं कौल सरकलंय, असं तो म्हणाला." मी छपरावर चढायचो. शिडी शेजाऱ्याची आणायचो.

अशी सगळी घडी बसलेली असताना मार्चमधल्या एका गुरुवारी गल्लीच्या मधोमध एक बाई उभी दिसली. अंगात मोठा रेनकोट, पाऊस नाही. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून ती एकदा माझ्या घराकडे बघत होती, एकदा हुबेरच्या. मला वाटलं, करवाल्यांची बाई आहे. मी दार उघडायच्या आधी चेहरा जमेल तेवढा गरीब केला.

"मस्यू बूर्दिया? मी ओलाँप फेरेयोल. सिनेमा बनवते," ती म्हणाली, आणि तिने रेनकोटाच्या खिशातून पुस्तक काढलं. तेच. सहाशे बारा पानांचं.

माझी अवस्था काय झाली ते सांगता येणार नाही. एकतीस वर्षं ज्या पुस्तकापायी मी पोरांच्या जांभया बघितल्या, ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं. बाईंना पॅरिसमधल्या कोणीतरी सांगितलं होतं की व्होबर्नेत एक मास्तर आहे, त्याला हे पुस्तक तोंडपाठ आहे. त्या मला भेटायला आल्या आणि गल्ली बघून खिळून राहिल्या. दोन घरं, समोरासमोर, मध्ये अकरा पावलं. "हेच नेब्रास्का," त्या म्हणाल्या. "मला तुमचं घर हवंय. आणि तुम्ही माझे साहित्य सल्लागार."

साहित्य सल्लागार! मी आत जाऊन ओदिलला सांगितलं तेव्हा माझा आवाज चिरकला होता. ओदिल म्हणाली, "समोरचं घर हुबेरचं आहे, हे सांगितलंस का त्यांना?"

ते तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेलो तर रांगेतल्या सगळ्यांना माहीत. न्हावी गिलेमने मला भर रांगेत केस रंगवायचा सल्ला दिला. "सर, मागून का होईना पण तुम्ही दिसणार. तुमची मागची बाजू म्हणजे अख्ख्या गावाची इज्जत आहे." औषधांच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं, "काय वाट्टेल ते द्या, पण सिनेमावाल्यांना घरातला संडास वापरू देऊ नका, माझ्या मावसबहिणीने दिलं होतं." तपशील त्यांनी सांगितला नाही, त्यामुळे मला दोन रात्री झोप लागली नाही. ज्यांनी शाळेत चौथ्या पानापुढे कधी मजल मारली नव्हती, असे माझे जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून सांगायला लागले, "सर, धाकट्या भावाची तगमग मात्र लेखकाने काय पकडलीय." पोस्टमनने तर पत्र देताना नेब्रास्काच्या हवामानावर माझी चूक काढली.

खरी अडचण पडवीची होती. अमेरिकन माणूस पडवीशिवाय दुःखी होऊ शकत नाही, आणि आमच्या घरांना पडव्या नाहीत. त्या बांधायच्या म्हणजे नगरपालिकेची परवानगी. नगरपालिका म्हणजे मादाम कोसाद. त्या खिडकीवर मंगळवारी आणि गुरुवारी बसतात, नऊ ते बारा, आणि बाराच्या पहिल्या ठोक्याला खिडकी खाली येते. माझ्यासमोर एकदा महापौरांची बोटं थोडक्यात वाचली आहेत.

"पडवी," मादाम कोसादनी तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. "चर्चपासून तुमचं घर दोनशे मीटर. म्हणजे वारसा खात्याचे वास्तुतज्ज्ञ आले. रंग कोणता?"

"पांढरा. पुस्तकात पांढरा आहे. पान अकरा."

"यादीत पांढरा नाही." त्यांनी यादी फिरवून दाखवली. करड्याच्या तीन छटा होत्या. "आणि गल्ली सामायिक आहे, सर. दोन्ही बाजूंच्या मालकांच्या सह्या लागतील. एकमेकांच्या समक्ष. इथे, या खिडकीवर."

"समक्षच कशाला?"

"नियम तुमच्या वडिलांच्या वेळचा आहे. तुमच्या वडिलांनीच करायला लावला होता."

मी कपाळाला हात लावून घरी आलो. हुबेर येणं शक्य नव्हतं, आणि त्याला बोलवायला जाणं मला शक्य नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर बाई रेनकोट सावरत शेजारच्या गावाला निघाल्या होत्या, तिथल्या एखाद्या भूगोलाच्या मास्तराला सल्लागार करत होत्या. मंगळवारी ओदिल सूप घेऊन गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "येतोय. गुरुवारी, साडेनऊला."

"काही बोलला?"

"केस कापायला गेलाय."

म्हणजे तोही पेटला होता.

गुरुवारी आम्ही त्या खिडकीसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. अकरा वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तो म्हातारा झाला होता. मानेवरची कातडी सैल पडली होती, आणि गिलेमने त्याचे केस काळे कुळकुळीत रंगवून टाकले होते. मला एकदम बोलावंसं वाटलं. काहीही, केसांबद्दल का होईना. पण त्याने आधी तोंड उघडलं.

"मादाम कोसाद, यांना सांगा, पेन माझं आहे."

"मादाम, त्यांना सांगा, शिडीही कोणाची तरी होती."

"सर, खिडकीवर शिडीचा अर्ज वेगळा," मादाम कोसाद म्हणाल्या. "सह्या करा."

आम्ही सह्या केल्या. पेन मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, त्याने ते उचललं आणि कोटाला पुसून खिशात घातलं. घरी येताना तो गल्लीच्या उजव्या बाजूने चालला, मी डाव्या. ओदिल खिडकीत उभी राहून बघत होती, तिचा चेहरा मला जरा विचित्रच वाटला.

वास्तुतज्ज्ञांचा मार्गही निघाला. पडवी भिंतीला खिळा न मारता नुसती टेकवून उभी केली, तर ती बांधकाम ठरत नाही, फर्निचर ठरते. म्हणून मेमध्ये आमच्या दोन्ही दारांसमोर लाकडी खांबांचं, छपराचं, तीन पायऱ्यांचं फर्निचर येऊन उभं राहिलं. रंग पावसाळी करडा. मी बाईंना पान अकरा दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी पुस्तक दोनदा वाचलं आणि मग मेहनत घेऊन विसरले. विसरल्याशिवाय सिनेमा होत नाही, मस्यू बूर्दिया." साहित्य सल्लागार म्हणून माझं पहिलं काम त्यांनी मला त्याच दिवशी दिलं. माझी मोटार चित्रात येत होती, ती मी काढायची होती.

मग कळलं की गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या शेतात मका हवा. सहाशे बारा पानांत मका चारशे वेळा सळसळतो, मी मोजलाय. त्या वर्षी त्या शेतात बीट लावलं होतं. बीट सळसळत नाही. बीट जमिनीत बसून असतं. "चालेल," बाई म्हणाल्या. "अमेरिका ही मनाची अवस्था आहे." मी ओदिलला म्हटलं, की मनाची अवस्था असेल तर एवढ्या लाकडाचं काय कारण होतं. ओदिल म्हणाली, "तू गप्प बस, आपल्याला आतून सगळं दिसतंय."

आणि खरं सांगतो, काय दिवस होते ते! सकाळी उठून पडदा सारावा तर दारात दोन ट्रक, तारांची जाळी, चाळीस माणसं, आणि माझ्या पायरीवर बसून पॅरिसचा नामांकित नट माझाच पेपर वाचतोय. मी दिवसातून सहा वेळा पाव आणायला निघायचो. समोर हुबेरही निघायचा. त्याच्या पडवीत थोरल्याचं काम करणारा नट बसायचा, माझ्या पडवीत धाकट्याचा. दोघं एकमेकांकडे बघत न बोलण्याचा सराव करायचे, आणि चित्रीकरण थांबलं की टाळ्या देऊन हसायचे. आत पडद्याआड मी आणि पलीकडे पडद्याआड हुबेर, आम्ही मात्र फुकट तेच काम सुट्टी न घेता करत होतो.

बाराला सगळं थांबायचं. एकदा धाकटा भाऊ खुर्चीतून उठून पहिली पायरी उतरत होता, आकाशात हवा तसा ढग आला होता, बाईंचा श्वास अडकला होता, आणि चर्चमध्ये बाराचा ठोका पडला. कॅमेरावाल्याने डोळा काढला. ध्वनिवाल्याने कान काढले. अर्ध्या मिनिटात सगळे तंबूत जेवायला. नट एक पाय पायरीवर आणि एक पाय हवेत धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग तोही गेला. ढगाचं कोणालाच काही वाटलं नाही.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी मला पटकथेचं शेवटचं पान दाखवलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यात रिकामी खुर्ची नव्हती. धाकटा रस्ता ओलांडतो, थोरला जिवंत असतो, आणि दोघं जेवायला बसतात.

"हे तुम्ही काय केलंत, बाई? सहाशे बारा पानांत कोणी एकदाही जेवायला बसत नाही."

"म्हणूनच ते इतके दुःखी आहेत," बाई म्हणाल्या.

"पण खुर्ची रिकामी आहे. तीच तर गोष्ट आहे. तो उशिरा जातो."

"तुम्हाला तो उशिरा गेलेला आवडतो?"

मी चष्मा काढला. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याच पोराने विचारला नव्हता. मानवी स्वभावाची शोकांतिका वगैरे तोंडात आलं होतं, पण खिडकीतून समोर हुबेर त्याच्या पडवीची पायरी झाडताना दिसत होता, एका हाताने कंबर धरून. मी म्हटलं, "मी मोटार काढतो," आणि बाहेर गेलो.

शेवटच्या दिवशी जेवणाचा प्रसंग. आमच्याच जेवणघरात, आमच्याच टेबलावर. प्रसंगाचा कळस असा, की जेवण झाल्यावर थोरला ताटली पुढे सरकवतो, आणि धाकटा चीज कापून थोरल्याच्या बशीत ठेवतो. तोंडं दिसत नाहीत. फक्त हात.

सकाळी तोंडांचं काम उरकलं. दुपारी हातांचं आलं तेव्हा थोरल्याचं काम करणारा नट म्हणाला, की तो दुधाच्या पदार्थाला शिवत नाही. तत्त्व आहे त्याचं. लाइटवाल्याने टोपी काढली. धाकट्याचं काम करणारा चारच्या गाडीने पॅरिसला निघाला होता, आणि त्याचे हात तसेही लोण्यासारखे होते. बाई खोलीत येरझाऱ्या घालत असताना त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मग त्या गल्ली ओलांडून गेल्या आणि हुबेरला दंडाला धरून घेऊन आल्या. त्यांनी आमचे चारही पंजे टेबलावर ठेवायला लावले.

"अंगठे बघा," त्या म्हणाल्या.

आमचे अंगठे बाहेरच्या बाजूला वळलेले आहेत. वडिलांचे होते तसे. एकाच माणसाला चार हात असावेत तसं ते टेबलावर दिसत होतं. हुबेर माझ्या घरात अकरा वर्षांनी आला होता आणि भिंतीकडे बघत होता.

आम्हाला त्या नटांचे शर्ट घातले आणि समोरासमोर बसवलं. "हात शांत हवेत," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांचं मौन आहे." पहिल्या वेळी हुबेरने ताटली एवढ्या जोरात सरकवली की चीज माझ्या मांडीवर आलं. दुसऱ्या वेळी माझी सुरी इतकी ताठ होती की बाई म्हणाल्या, "तुम्ही ऑपरेशन करताय का?"

"बाई, यांना सांगा, ताटली उचलून देतात," मी म्हणालो.

"बाई, यांना सांगा, घेणाऱ्याला घेता आली पाहिजे," हुबेर म्हणाला.

"मी कोणाला काही सांगणार नाही," बाई कडाडल्या. "स्वयंपाकघरात जा. दोघंही. नवीन चीज घेऊन या, आणि तिथे काय भांडायचंय ते भांडून या."

पहिल्या दोन वेळचं सिनेमावाल्यांनी आणलेलं चीज दगडासारखं गार होतं, म्हणून ओदिलने उरलेलं परत पाठवून स्वतः बाजारातून आणलेलं काढलं होतं. यापुढची फाक तीच देणार होती. आम्ही बोळातून एकामागे एक गेलो. बोळ अरुंद आहे, दाराशी दोघं एकदमच पोचलो, आणि दार अर्धं उघडं होतं.

ओदिल पाठमोरी होती. तिने कागद सोडवला, फाक फळीवर ठेवली, छोटी सुरी घेतली, आणि आडवी मारून टोक कापलं. सफाईने, अंगठ्याएवढं. ते तोंडात टाकलं, डोळे मिटले, सावकाश चघळलं, आणि स्वतःशीच मान हलवली. मग ती वळली.

दारात आम्ही दोघं होतो.

"पिकलंय का ते बघत होते," ओदिल म्हणाली. "न बघता माणसांपुढे ठेवायचं का?"

"नेहमी बघतेस?" हुबेरने विचारलं.

"नेहमी. एरवी नखाएवढं, दरवाज्याआड. माझी आईही बघायची."

"त्या रविवारीही?" मी विचारलं.

ओदिल स्टुलावर बसली. "त्या दिवशी सुरी जरा जास्तच गेली. मी कॉफी बघायला म्हणून आत आले. म्हटलं धीर करून सांगावं. बाहेर आले तर तुम्ही शिडीवर पोचला होतात. मग म्हटलं, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, पुढच्या रविवारी तो आला की सांगू. तो आलाच नाही." तिने सुरी हातातच धरली होती. "म्हणून मग सूप नेत होते. तुला काय वाटलं रेजी, मला सूप करायची हौस आहे?"

हुबेर माझ्याकडे वळला. अकरा वर्षांत मध्ये कोणी नसताना पहिल्यांदा.

"मी तुला म्हटलं होतं, ते तसंच आलं होतं."

"म्हटलं होतंस," मी म्हणालो.

त्याच्या केसांचा काळा रंग घामाने कानावर उतरला होता. मला हा माणूस अकरा वर्षं रोज हवा होता. छपरावर चढताना खालून शिडी धरायला हवा होता, आणि मी पडदा ओढून सहाशे बारा पानं शिकवत बसलो. माझे डोळे भरून आले, तेवढ्यात ओदिलला उचकी लागली, आणि हुबेरचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. वडील हसायचे तसा, आवाज न करता.

ओदिलने दुसरी फाक दिली. "ही बघितलेली नाही," ती म्हणाली. "जबाबदारी तुमची."

तिसऱ्या वेळी आम्ही टेबलाशी बसलो तेव्हा माझ्या पोटात हसू उकळत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. नशीब, तोंडं दिसत नव्हती. हुबेरचा हात ताटली पुढे करताना थरथरत होता. मी सुरी घेतली. ती बशीवर किणकिणायला लागली, थांबेचना. आणि मग मी ठरवून, आडवी सुरी मारून, टोक कापलं आणि हुबेरच्या बशीत ठेवलं.

लाइटवाल्याच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं. हुबेरचा हात एक क्षण थांबला, आणि मग त्याने ते टोक सुरीने मधोमध कापून अर्धं माझ्या बशीत टाकलं.

"कट," बाई म्हणाल्या. त्यांच्या रेनकोटाची बाही डोळ्यांपाशी होती. "हे पुस्तकात आहे?"

"नाही," साहित्य सल्लागार म्हणाला. "राहून गेलं असेल."

पुढच्या वर्षी गावच्या थिएटरात पहिला खेळ झाला. हुबेर आणि मी शेजारी बसलो होतो, माझ्या पलीकडे ओदिल. सुरी आडवी फिरली तेव्हा अख्खं थिएटर दचकलं, मादाम कोसाद तर अर्ध्या उठल्या, आणि टोकाचे दोन तुकडे झाले तेव्हा गिलेम न्हावी मोठ्याने रडायला लागला. पॅरिसच्या पेपरांनी लिहिलं की दोन थरथरत्या हातांत चाळीस वर्षांचा पश्चात्ताप दिसतो. शेवटी नावं आली. साहित्य सल्लागार कुठेही नव्हता. सर्वात खाली, मोटारी पुरवणाऱ्यांच्या नंतर, लिहिलं होतं: हात, बूर्दिया बंधू. मला क्षणभर राग आला, पण हुबेरने कोपराने ढोसलं आणि म्हणाला, "माझं नाव आधी समज, मी थोरला."

अमेरिकेहून त्या म्हाताऱ्या लेखकाचंही पत्र आलं, बाईंनी मला त्याची प्रत पाठवली. सिनेमा त्याला आवडला होता. शेवट बदलला त्याबद्दलही तक्रार नव्हती. एकच विचारलं होतं: तो माणूस नुसतं चीज कापतो, तर थिएटरातले सगळे फ्रेंच का दचकले, हे कोणी समजावेल का? बाईंनी ते काम माझ्याकडे दिलं. मी नऊ पानं लिहिली. अजून उत्तर नाही.

त्या पहिल्या खेळानंतरच्या रविवारी हुबेर जेवायला आला, शिडी घेऊन. ती त्याने बोळात टेकवली, आणि आम्ही कोणीच तिच्याबद्दल बोललो नाही. जेवण झालं. ओदिलने चीजची ताटली आणली, थोरल्यापुढे ठेवली, आणि लगेच म्हणाली, "मी जरा कॉफी बघून येते."

ताटलीतल्या फाकेला टोक नव्हतं.

हुबेरने तिच्याकडे पाहिलं. मी पाहिलं. त्याने सुरी उचलली, लांबच्या कडेने स्वतःपुरतं कापलं, आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"पिकलंय वाटतं," तो म्हणाला.